लाजाळू वाघाची रेंज

मंडळी, या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि प्रत्येकाच्या खाली काहीतरी खवचट लिहितोय, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. चकवा लागला म्हणणाऱ्याला ‘चष्मा बदला’ असं मीच लिहिलं होतं. फौजेत चोवीस वर्षं वायरलेसवर काढली. सिग्नल कुठून निघतो आणि कुठं मरतो, हे मला बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त कळतं. तरी आज मीच लिहायला बसलोय... हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

तासगावच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. बायको मंदा, माहेर वाई. साखरपुड्याला वाईच्या घाटावर सासऱ्यांनी विचारलं, “जावईबापू, पोहता येतं का?” मी म्हणालो, “येतं का म्हणजे? कृष्णेच्या पुरात सांगली ते हरिपूर गेलोय, काखेत रेडकू धरून!” चौतीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. दर वर्षी ते रेडकू थोडं थोडं वाढत गेलं. गेल्या दिवाळीला त्याची पूर्ण वाढलेली मुऱ्हा म्हैस झाली होती.

खरं सांगू? मला पोहता येत नाही. अजिबात. बादलीत तोंड घातलं तरी छाती धडधडते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला नात ओवी — वय वर्षं सात — फोनवर म्हणाली, “आबा, मे महिन्यात वाईला मला तुम्हीच पोहायला शिकवायचं. त्या म्हशीला नेलं होतं तसं.” झालं! गुपचूप सांगलीला गेलो, एका जलतरण तलावाच्या ऑफिसात चौकशी केली. तिथं लहान लहान पोरं कमरेला डबे बांधून उभी. त्यांच्या रांगेत ही मिशी घेऊन उभं राहायचं धाडस झालं नाही. तिथल्या वायफायवर बातम्या वाचल्या आणि परत आलो. कुणाला पत्ता नाही... असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागला, मेव्हणीच्या पोरीकडे. रेवती तिचं नाव, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. बोलता बोलता तिनं लॅपटॉप उघडला. “काका, फोन खिशात असला तरी सारखा ओरडत असतो. बघा, आमच्या बिल्डिंगमध्ये आत्ता कोण घरी आहे ते मी इथून सांगते.” आणि धडाधड नावं वाचली — कुणाचे हेडफोन, कुणाचं घड्याळ, कुणाचा हॉटस्पॉट. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं तर नाव, आडनाव आणि हुद्दा!

“आणि हा ‘लाजाळू वाघ’ कोण?”

मी मान खाली घातली. माझ्या हॉटस्पॉटला हे नाव मंदानं दिलंय. का, ते कधी सांगितलं नाही. पासवर्डही तिचाच — माहेरच्या घाटाचं नाव आणि साखरपुड्याची तारीख.

“जुन्या फोनचं आणखी एक,” रेवती म्हणाली, “पूर्वी कुठं कुठं वायफाय वापरलं, त्यांची नावं घेऊन तो हाका मारत फिरतो. तुम्ही कुठं जाता ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. हे बघा... शेड, बँक... काका, जलतरण तलाव?”

स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला, “कसला तलाव गं?”

“पत्ता विचारायला गेलो होतो!” मी ओरडलो.

“पाण्यात पत्ता इचारत्यात व्हय?”

त्याच क्षणी मी घरात रेडिओ सायलेन्स जाहीर केला. फौजेतला शिरस्ता आहे — शत्रू ऐकतोय म्हटलं की सगळे सेट बंद. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, हॉटस्पॉट बंद! एवढ्या आवेशात बंद केलं की फोन हातातून निसटून फरशीवर आदळला आणि डिस्प्ले गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्तीला टाकला. मंदा बुधवारपर्यंत राहणार होती, मी सोमवारी एकटाच तासगावला आलो.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मी आमच्या तात्याच्या शेततळ्यावर पोचलो. तात्या माझा जुना दोस्त, फाट्याजवळच्या त्याच्या मळ्यात आमचा पत्त्यांचा डाव बसतो. घरची सगळी लग्नाला गेलेली, कुंपणाचं फाटक नुसतं लोटलेलं. मी ट्रॅक्टरची ट्यूब कमरेला अडकवली. कुणाला सांगितलं नव्हतं — कडक रेडिओ सायलेन्स!

शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, वर शेवाळ. पहिलं पाऊल टाकलं आणि थेट आत! ट्यूब सटकून पार मधोमध गेली, जणू तिलाच पोहायला शिकायचं होतं. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून मी राहिलो. पाणी हनुवटीला. चढायला गेलो की पाय सरकायचा, पाइप वाकायचा. ओरडलो. एका टिटवीनं उत्तर दिलं. बुधवार संध्याकाळपर्यंत मला कुणी शोधणार नव्हतं, आणि हात तासाभरात सुटणार हे मला कळत होतं. मंडळी, इथं मी काही वाढवून सांगत नाही. त्या वेळी डोळ्यांसमोर ओवी होती. तिला कुणी काय सांगेल — तुझा पोहणारा आबा तळ्यात बुडाला?

आणि तेवढ्यात आवाज आला, “डाव कुठं मांडलाय? भाईर या समदी!”

मंदा! तिला वाटलं मी पत्ते खेळत बसलोय.

“मंदे... इकडं...”

काठावर आली. बघितलं. कोपऱ्यात ठिबकच्या नळीचं भेंडोळं पडलं होतं, ते दुहेरी करून कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि माझ्याकडं फेकलं. “धरा. मनगटाला येढा द्या. आता पोटावर पडून या, वरडू नगा.” चिखलात टाच रोवून त्या बाईनं मला ओढलं. माझं वजन ब्याण्णव किलो, भिजून दोनशे.

वर आल्यावर आम्ही दोघं मातीत बसून राहिलो. मग मी विचारलं, “तू इथं कशी?”

“उगंच एक दिस आदी निघाले. एसटीत बसले हुते. नेट संपल्यालं, कीर्तन मधीच थांबल्यालं. तात्याच्या फाट्याजवळ ते आपोआप सुरू झालं. बगितलं तर ‘लाजाळू वाघ’ला जोडल्यालं! म्हटलं, फोन नीट करून घेतला वाटतं, ह्यो माणूस हितंच कुटंतरी पत्ते कुटतोय. ड्रायव्हरला म्हटलं, दादा, हितं थांबा न्हाई पर थांबवा.”

त्यानं थांबवली. देव त्याचं भलं करो.

“अगं, पण माझा फोन सांगलीत दुकानातच हाय...”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विश्रामबागच्या दुकानात. दुकानदारानं ड्रॉवर उघडला. माझा फोन एका पिशवीत, पाठ उघडी. बॅटरी दुसऱ्या पुडीत. “रविवारी खोलला काका, अजून डिस्प्ले आलाच नाही. मग हातच लावला नाही.”

रेवतीनं मंदाचा फोन तपासला. मंगळवारी दुपारी चार मिनिटं जोडलेला. नाव तेच, पासवर्ड तोच. “दुसऱ्या कुणी हेच नाव आणि हाच पासवर्ड...” असं म्हणता म्हणता तिनं स्वतःच नकारार्थी मान हलवली. आणि फोन तळ्यावर माझ्याजवळ असता, तरी फाट्यापासून तळं चांगलं चारशे पावलं आहे. धडधाकट हॉटस्पॉटसुद्धा त्याच्या निम्म्यात मान टाकतो. हे मी सांगतोय, वायरलेसवाला. मी कागदावर सगळं मांडून बघितलं, सहा महिने. उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा. खवचट लिहिलंत तरी चालेल, मी तेवढं देणं लागतो.

येताना एसटीत मी मंदाला सगळं कबूल केलं. रेडकू, पूर, हरिपूर — सगळं.

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “साखरपुड्याला घाटावर तुमी दुसऱ्या पायरीच्या खाली उतारला न्हाई. पँट दुमडून हुबं. नदीकाठची पोर मी, मला तवाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“नाव ठिवलं की फोनात.”

मे महिन्यात वाईला ओवीला मंदानं शिकवलं. आणि मलाही. ओवी पहिल्या आठवड्यात तरंगली, मी तिसऱ्या. काठावरच्या पायरीवर, मंदाच्या पिशवीत माझा दुरुस्त झालेला फोन होता, हॉटस्पॉट चालू. रेवती म्हणते, काका, बंद ठेवा, कुणीही ऐकतं. तिचं खरं आहे. तुम्ही आपापले बंद ठेवा. माझा मात्र राहू दे. कुणी ऐकलं म्हणून तर मी हे लिहितोय.