तीन पाळ्यांचं लिनक्स

पाळीत काम करणाऱ्या माणसांचा एक घोळ असतो. कुठल्याही किश्शाची सुरुवात एकाने पाहिलेली असते, मधला भाग दुसऱ्याने आणि शेवट तिसऱ्याने. त्यामुळे आम्ही चौघं एकत्र बसलो की किस्से संपतच नाहीत, कारण आपल्या वाट्याचा तुकडा खरा आणि बाकीच्यांचा खोटा असं प्रत्येकालाच वाटतं! चौघं म्हणजे मी, नामदेव, प्रमोद आणि मुलचेऱ्याकडचा बिमल. ऊर्जानगरात आमची क्वार्टर्स एकाच ओळीत होती आणि चौघंही वीज केंद्रात ऑपरेटर. नामदेवच्या कॉम्प्युटरचे किस्से तेवढे मी एकट्यानेच सांगायचे असं ठरलंय. कोणी ठरवलं, ते मला माहीत नाही.

* * *

एका साली नामदेवच्या बाबांना लकवा मारला. बाबा सिंदेवाहीकडच्या एका गावचे. आयुष्यभर गावच्या तलावात जाळं टाकलेला माणूस, आणि नेमका उजवा हात गेला. नामदेव त्यांना क्वार्टरवर घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवत राहा. येत्या दोन-तीन महिन्यांत हात आला तर आला." दाबायला एक रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दुसऱ्याच दिवशी समोर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना देऊन टाकला!

"मी काय लेकरू हाव काय? चेंडू कायले खेळू?"

नामदेव आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणाला, "काईबी करा बे, पण बाबाचा हात चालला पायजे."

त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता, व्हायरसने बंद पडलेला. बिमल म्हणाला, "त्याच्यात गेम टाकू. कीबोर्डवरच्या बाणाच्या बटना दाबल्या का बोटं हालतेत."

म्हणजे चेंडू लहान पोरांचा खेळ आणि कॉम्प्युटरवरचा गेम मोठ्या माणसांचा! पण त्या वेळी हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

* * *

कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत त्या काळी लिनक्सच्या, म्हणजे बंद कॉम्प्युटर नव्याने चालू करणाऱ्या फुकटच्या प्रणालीच्या, सीड्या यायच्या. आमच्याकडे अशा तीन जातीच्या निघाल्या. एक लाल, एक निळी, एक पिवळी. आता गेम खेळायला यातली कोणती टाकायची?

प्रमोद म्हणाला, "लाल. आपल्या पॅनलवर लाल दिवा म्हणजे मशीन चालू."

बिमल म्हणाला, "निळी. तिच्या पाकिटात तीन सीड्या हायेत. माल जास्त, गेम जास्त."

मी पिवळीच्या बाजूने होतो, कारण तिच्यासोबत माहितीची पुस्तिका होती. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की आधी अठरावं पान वाचा. अठरावं पान फाटलेलं होतं.

"मले फक्त एवढं सांगा, गेम कशात हाय?" नामदेवने विचारलं. आम्ही तिन्ही पाकिटं उलटसुलट करून पाहिली. तिन्हींवर तोच एक गुबगुबीत पेंग्विन होता.

* * *

शेवटी लाल ठरली. पण आम्ही पडलो पाळीवाले! पहिल्या पाळीचा माणूस दुपारी घरी येणार, दुसऱ्या पाळीचा त्याच वेळी निघणार. मग आम्ही प्लँटच्या सवयीप्रमाणे कॉम्प्युटरजवळ एक रजिस्टर ठेवलं. ज्याला वेळ असेल त्याने काम करायचं, काय केलं ते लिहायचं आणि पुढच्याच्या ताब्यात द्यायचं.

पद्धत उत्तम होती. सोमवारी सकाळी प्रमोदने लाल सीडी टाकून लिहिलं, "लिनक्स बसवले. गेम बाकी." दुपारी बिमल आला. त्याने निळी सीडी टाकून लिहिलं, "जुने काढले. चांगले बसवले. गेम बाकी." मंगळवारी मी गेलो. मला वाटलं, दोघांनी मिळून काहीतरी बिघडवलंय. मी पिवळी टाकली.

आठ दिवसांत नऊ वेळा लिनक्स बसलं! प्रत्येक नोंदीखाली नामदेव सही करायचा आणि शेवटी दोन शब्द सारखेच असायचे. "गेम बाकी."

बाबा पलंगावरून सगळं बघत असायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे डब्बा रोज धुवाव लागते काय रे?"

* * *

मग भांडण झालं आणि लाल पक्की झाली. पुढे काही बसवायचं म्हटलं की कॉम्प्युटर पासवर्ड मागायचा. तो प्रमोदने ठेवलेला, आणि प्रमोद बहिणीच्या लग्नासाठी भद्रावतीला गेलेला. रजिस्टर उघडलं. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "पासवर्ड : नेहमीचा."

कोणाचा नेहमीचा? आम्ही प्रमोदच्या बायकोचं नाव टाकलं, मुलीचं टाकलं, त्याच्या स्कूटरचा नंबर टाकला. शेवटी बिमलने लग्नघरी फोन लावला. मागे वाजंत्री चालू. प्रमोद ओरडून म्हणाला, "मलेबी आठवून नाई राह्यलं! रजिस्टरमंदी लिवला हाय ना!"

दहाव्यांदा लिनक्स बसलं.

* * *

अखेर गेम सापडला. तो सीडीतच होता, पहिल्या दिवसापासून! बर्फाच्या उतारावरून पेंग्विन पोटावर घसरत जातो, वाटेत मासे पडलेले असतात, ते खात खात त्याने खाली पोचायचं. उजव्या-डाव्या बाणाने त्याला वळवायचं. मासे! आम्हाला वाटलं, बाबांसाठी याहून चांगलं काय असणार?

बाबांना खुर्चीत बसवलं. उजवा हात बाणाच्या बटणांवर ठेवला. पण चित्र पळायला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लागतो आणि तो बसलाच नव्हता. पेंग्विन एक झटका पुढे सरकला, थांबला. पुन्हा एक झटका, पुन्हा थांबला. पहिल्या माशाच्या अलीकडे तो कायमचा थिजला.

बाबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "ह्यालेबी लकवा मारला का रे?"

आम्ही हसलो. नामदेव उठून आत निघून गेला. मग आमचंही हसू गेलं, आणि त्या दिवसानंतर प्रत्येक जण ड्युटी संपली की आधी नामदेवकडे आणि मग स्वतःच्या घरी जायला लागला.

* * *

ड्रायव्हर कोणी बसवला यावर आजही एकमत नाही. बिमल म्हणतो मी, प्रमोद म्हणतो मी. रजिस्टरमध्ये मात्र माझ्या अक्षरात नोंद आहे, "चालू झाले. काही केले नाही." मी खरंच काही केलं नव्हतं! कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पेंग्विन सुसाट.

लगेच बाबांना बसवलं. पेंग्विन सरसर खाली गेला आणि चार मासे! नामदेवचे डोळे भरून आले. तो तसाच पेढे आणायला पळाला. सगळ्या ओळीत वाटले. प्रमोदने पेढा तोंडात टाकला, सहज टेबलामागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "कीबोर्डची पिन तं खाली लोंबून राह्यली!"

बाबांच्या बोटांचा काही संबंधच नव्हता. कोणी हात न लावता सोडला, तरी पेंग्विन सरळ जाऊन मधले चार मासे आपोआप खायचा. नामदेव हातात पेढ्याचा पुडा घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्याकडे कोणाला बघवेना.

बाबा मात्र पडद्याकडे बघत होते. चेहरा रागीट. म्हणाले, "लाव ते पिन."

* * *

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः खुर्चीत जाऊन बसायला लागले. आम्ही येताजाता पडद्यावरचा आकडा बघायचो. शून्य. पुन्हा शून्य. प्रमोदच्या मुलीने पहिल्याच फटक्यात सतरा मासे मिळवले, बाबांचं आठवडाभर शून्य! सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. नामदेव म्हणाला, "मी काय सांगू त्याह्यले? बोटं हालत नाई असंच सांगाव लागन."

रविवारी आम्ही चौघंही घरी होतो. बाबा खेळत होते. पेंग्विन खाली पोचला, आकडा शून्य. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण काय ते कळेना.

शेवटी बिमल डोकं खाजवत म्हणाला, "अबे, पिन नव्हती तवा चार आले होते. आता पिन हाय तं शून्य कसा?"

प्रमोदने बाबांचा हात हळूच बाजूला केला आणि पेंग्विन नुसता सोडून दिला. चार मासे. पुन्हा सोडला. चार मासे. बाबांचा हात परत बटणांवर ठेवला. शून्य!

नामदेव त्यांच्यासमोर खाली बसला. "बाबा, मासे काऊन नाई भेटून राह्यले?"

बाबांनी उजवा हात बटणांवरून उचलला. मनगट झटकलं, पाचही बोटं एकदा मिटून उघडली आणि आपल्या शहाण्या लेकाकडे रोखून बघितलं.

"अख्खी जिनगी गेली माही तलावावर पानकावळे हाकलन्यात," बाबा म्हणाले, "आन तू मले पाखराले मासे चारायले बसवून राह्यला? हात दुखून गेला माहा, पण आठ दिवसांत एकबी मासा खाऊ नाई देला!"