पातळ थराचं तापमान

सूक्ष्मदर्शक फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या वाट्याला यायचा, एरवी एम.एस्सी.ची मुलं त्याला सोडत नसत. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझे दोन उन्हाळे नागपुरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा थर धरायचा, विजेच्या छोट्या भट्टीवर तापवायचा आणि भिंगातून बघत बसायचं. ठरावीक तापमानाला त्याचे रंग विझतात, सगळं काळं होतं. तो आकडा टिपायचा, झालं.

माझ्या वहीत एक गोष्ट सारखी दिसत होती. थर जितका पातळ, तितके रंग उशिरा, म्हणजे जास्त तापमानाला विझायचे. काच जवळच्या रेणूंना रांगेत धरून ठेवते, असं मी स्पष्टीकरण लिहिलं. सर खूश झाले. माझा प्रबंध त्या एका निष्कर्षावर उभा होता, आणि मी थोडी हवेत होते, हे कबूल करते.

जाड थर सकाळीच उरकायचे. पातळ थराच्या काचा घासूनपुसून जमवेपर्यंत दुपार व्हायची. तोवर प्रयोगशाळेतले वयस्कर शिपाईकाका कूलर लावायचे आणि न सांगता त्याचं तोंड माझ्या टेबलाकडे वळवून द्यायचे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी कूलरची मोटर जळाली. त्या दिवशी सगळ्यात पातळ थर दीड अंश आधीच काळा झाला. पुन्हा केलं, तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. थर्मामीटर भट्टीच्या धातूत होता आणि कूलरचा झोत वरच्या काचेवर. थर थंड राहायचा, मी आकडा भट्टीचा लिहायची. एवढी साधी गोष्ट मला दोन उन्हाळे दिसली नाही, याचा अजूनही राग येतो.

मोटर दुरुस्त होऊन आली, तरी मी कूलर लावू दिला नाही. सगळी मापनं पहिल्यापासून सुरू केली.

"काहून बंद केला ताई? केवढं उकडून राहिलं," काका म्हणाले.

"सर्दी झालीय," मी म्हणाले. घाम वहीवर टपकत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आल्याचा गरम काढा आणला आणि समोर उभं राहून मला तो पाजला. पेला रिकामा करून मी शेवटचा, सगळ्यात पातळ थर भट्टीवर ठेवला. जाड थराच्याच तापमानाला तो काळा झाला.

सरांना सांगायला मला आठवडा लागला. काकांना मी कधीच सांगितलं नाही.