रनाळ्याला गेलेली गोधडी

माझ्या मावससासूबाईंच्या तावडीतून सुटलेलं एक तरी जुनं सुती कापड नंदुरबार जिल्ह्यात कुणी दाखवावं, मी त्याचा जाहीर सत्कार करीन. मावशी माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, त्या बाहीकडे बघतात. नमस्काराला वाकलं की आशीर्वाद देतादेताच दोन बोटांनी कॉलर चोळून कापडाचा पोत पाहतात. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला गेलो, तर चहाचा कप हातात देऊन त्यांनी विचारलं, "जवाईबापू, हाऊ शर्ट आजून किती दिन घालशात?" मी कौतुकाने म्हणालो, नवाच आहे. त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना मी टेरिकॉट घालतो.

हा सगळा सोस गोधड्यांपायी. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि त्यांची तान्ही पोरं थंडीभर फडाच्या कडेला पाचटावर झोपतात. ट्रक निघायच्या आत प्रत्येक तान्ह्याला एक गोधडी मिळालीच पाहिजे, असं मावशींनी चर्चच्या महिला मंडळाला एका रविवारी सांगून टाकलं. सांगून टाकलं म्हणजे तसं ठरलंच. जुनी लुगडी गोळा होतात, धावदोरा घालायला पंधरा बायका बसतात, पण अस्तर आणि दोरा विकत आणावा लागतो, आणि त्यासाठी निधी जमवायच्या मावशींच्या एकेक कल्पना ऐकल्या की अंगावर काटा येतो. एकदा त्यांनी उपासनेनंतर विकायला मिरचीचा ठेचा चर्चच्या मागेच कुटायला घेतला. नंदुरबारची मिरची ती! प्रार्थनेत सगळी मंडळी डोळे पुसत होती. प्रवचनाला आलेले बाहेरगावचे पाहुणे पाळक भारावून म्हणाले, इतकी पश्चात्तापी मंडळी मी कुठे पाहिली नाही. दुसऱ्या खेपेला त्या थेट आमच्या पाळकसाहेबांकडेच गेल्या. "तुम्ही दहा मिनिटं कमी बोला, लोके खुशीमा देतीन." साहेब भले माणूस, हसून हो म्हणाले. त्या रविवारी दानाची थैली अशी भरली की साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

यंदा मात्र दिवाळी तोंडावर आली, तरी निम्म्या गोधड्यांना अस्तर नव्हतं. उरला होता हंगामाचा सण. या सणाला जो तो शेतातलं काहीबाही देवापुढे आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आमची रीत अशी, की बोली जिंकणाऱ्याने पैसे द्यायचे, वस्तू कपाळाला लावायची आणि पुन्हा टेबलावर ठेवायची. मग ती पुन्हा विकली जाते आणि शेवटी आणणाऱ्याच्याच घरी परत जाते. एकच भोपळा चारदा विकलेला मी पाहिला आहे. ही रीत कुणी कुणाला सांगत नाही, ती सगळ्यांना ठाऊकच असते. त्याच भरवशावर मावशींनी टेबलावर ठेवली स्वतःच्या अंथरुणातली गोधडी, काकांच्या शर्टांची. काका जाऊन चार वर्षं झाली, मावशी तीच पांघरून झोपतात. "चार डाव विकाई जाई आनि संध्याकायले मन्हा घर," असं मला डोळा मिचकावून म्हणाल्या.

बोली काय रंगली! लोक अक्षरशः उठून उभे राहून आकडे ओरडत होते. आणि जिंकला कोण, तर रनाळ्याचा एक शेतकरी. मावशींनीच त्याच्या मागे लागून पपया मागवल्या होत्या, म्हणून बिचारा पहिल्यांदाच आमच्या सणाला आला होता. त्याने पैसे मोजले, गोधडीची वळकटी केली, "मावशी, मन्ही माय खूश व्हई जाई," म्हणाला आणि मोटरसायकलला बांधून निघून गेला. सगळे बघतच राहिले. मी त्याच्या मागे धावणार, तर मावशींनी माझा हात धरला.

त्या पैशांत अस्तर आलं, मंडळाने दिवसरात्र एक करून गोधड्या पुऱ्या केल्या, ट्रक निघाले तेव्हा एकही तान्हं उघडं नव्हतं. मग मीच हट्टाने मावशींना गाडीवर बसवून रनाळ्याला नेलं. समजावून सांगू, बदल्यात नवी गोधडी देऊ, असं आमचं ठरलं होतं. नवी त्यांच्या मांडीवर होतीच.

अंगणात उन्हाला त्या शेतकऱ्याची म्हातारी आई ती गोधडी पायांवर घेऊन बसली होती. "अशी ऊब कितला वरीसमा भेटनी नही," ती म्हणाली. मग गोधडीच्या मधोमध बोट ठेवून तिने विचारलं, "पन माय, हाऊ खिसा कसाले ठेवा?" तेव्हा कुठे मला दिसलं. एका शर्टाचा खिसा मावशींनी न उसवता तसाच ठेवला होता.

"चष्मा ठेवाले," मावशी म्हणाल्या. खिशाचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी पिशवीतून सुई काढली, चार टाके घालून तो पक्का केला, नवी गोधडीही तिथेच ठेवली आणि उठल्या.

परतताना कोरीटचा फाटा गेल्यावर मावशी मागून म्हणाल्या, "झोपमा मन्हा हात त्या खिसावर ऱ्हाये, जवाईबापू." मी गाडी जरा हळू घेतली.