भिंत कशी ढकलेल?

"भिंत कशी ढकलेल? ती तर नुसती उभी आहे."

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात, भरल्या वर्गात मी हे विचारलं. फळ्यावर भिंतीला टेकवलेली शिडी होती. तिच्यावरचे सगळे फोर्स बाणांनी दाखवायचे होते. सर म्हणाले होते, भिंतही शिडीला ढकलते. माझ्या कागदावर एकच बाण. खाली जाणारा. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हे ए-लेव्हलचं आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

मी ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, केलंच नव्हतं. शाळा सुटली तशी मार्केटमध्ये मोबाइल कव्हरांचा स्टॉल धरला. मग मोठ्या वयात संध्याकाळच्या कोर्सला गणित केलं, त्यावर ही अ‍ॅडमिशन. फिजिक्स कोरं.

शेजारी अनीश बसला होता. लंडनच्या पिनर भागातला, डॉक्टरांचा मुलगा, माझ्याच प्रोजेक्ट ग्रुपमधला. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झालेला. ताई म्हणाला. गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावावरून त्याला अंदाज येईना. तेवढ्यात आईचा फोन आला. मी रोजच्यासारखं म्हटलं, "जय भीम, आई." त्याला हवं ते कळलं.

आज तो मराठीतच बोलला. सरांना कळू नये म्हणून.

"इथे पण कोटा चालू झाला का, ताई?"

माझी जीभ तिखट आहे. स्टॉलवर घासाघीस करताना मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. पण तेव्हा मी आपल्या कागदावर वाकले. शिडीचं उत्तर त्याला येत होतं, मला नव्हतं.

वर्ग सुटल्यावर त्याने सौदा मांडला. "तुम्ही पोस्टर करा. कलर वगैरे. कॅल्क्युलेशन आम्ही करतो. नाव टाकू ना तुमचं."

मी थँक यू म्हटलं. मी.

बसमध्ये बसल्यावर अंग पेटलं. एवढा वाईट सौदा मी आयुष्यात केला नव्हता. घरी पुस्तक उघडलं, पहिल्याच पानावर अडले. आईला सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, स्टॉल आहेच की. त्या स्टॉलवर मला परत जायचं नव्हतं.

पुढच्या तासाला अनीशला म्हटलं, "पोस्टर तू कर. माझ्या वाटणीची गणितं मला दे."

"चुकली तर? ग्रुपचे मार्क जातील."

"जाऊ देत."

पहिल्या बाकावर जाऊन बसले. हात वर केला. "सर, मला हे कुणी शिकवलेलं नाही. भिंत का ढकलते, पुन्हा सांगा." मागे कुणीतरी हसलं. सरांनी पुन्हा सांगितलं. मला कळलं नाही. मी पुन्हा हात वर केला.

अजूनही पुरतं कळत नाही. नापास झाले तर माझ्या गणितांवर होईन. त्यांनी टाकलेल्या नावावर पास होणार नाही.