कडी न लावणारे रेणुकादास

लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासचा सर्व्हर सांभाळणारे रेणुकादास भिण्याच्या बाबतीत मोठे अनुभवी गृहस्थ होते. लिफ्टला भीत, पंख्याच्या घरघरीला भीत. वरच्या मजल्यावर कुणी बाक सरकवला, तर हातातला चहा तसाच ठेवून आधी दारात जाऊन उभे राहत. लातुरात त्यांना कुणी हसत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेल्या माणसाला थोडं भिण्याचा हक्क आहे, असं इथं सगळेच मानतात.

घरात मात्र एका गोष्टीवरून रोज खटका उडे. रेणुकादास दाराला आतून कडी लावू देत नसत. भूकंपाच्या पहाटे औशाकडच्या एका गावात ते आईबरोबर घरात अडकले होते. चौकट तिरकी झाली आणि कडी अशी आवळली, की ढिम्म हलेना. अंधार, नाकातोंडात माती, आणि बाहेरून कुणाची तरी हाक, "आत कोन हाय का?" पोरसवदा रेणुकादास जिवाच्या आकांतानं "हाय! हाय!" ओरडले, म्हणून पहार आली, दार फुटलं. तेव्हापासून त्यांचं मत ठाम: दार उघडं असलं की मदतीला माणूस येतो.

"चोरही येतो," त्यांच्या पत्नी राजश्रीबाई म्हणत. चपला गेल्या होत्या, एकदा कुकर शिट्टीसकट गेला होता. समोरचे संगप्पा तर हाक न मारताच येत, आणि आल्यावर वर म्हणत, "दार उघडंच होतं, म्हटलं कोणी हाय का न्हाई बघावं."

क्लासच्या सर्व्हरवर रेणुकादासांनी एक छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला होता. संगणकवाले त्याला डीमन म्हणतात, रेणुकादास राखणदार म्हणत. त्यानं कुणाच्या नजरेस न येता आत बसून राहायचं. पुण्याच्या देखरेख कंपनीच्या मशीनकडून प्रश्न आला, की उत्तर द्यायचं. डिस्क किती भरली? ताण किती? शुद्धीवर आहेस ना? ठरलेले प्रश्न तेवढेच, आणि सगळं बोलणं सांकेतिक, म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी त्याला नुसती खरखर ऐकू यावी. मुख्य म्हणजे यादीत ज्या मशीनचा आकडी पत्ता लिहिलाय, तिथून विचारणाऱ्यालाच उत्तर, बाकीच्यांना बाहेरूनच रामराम.

रेणुकादासांचा या राखणदारावर फार जीव. दिवसभर लांबून कुणीतरी हाक मारतंय, "हाय का?" आणि आतून कुणीतरी म्हणतंय, "हाय!" त्यांना आणखी काय पाहिजे?

पण त्या यादीनंच घोटाळा केला. पुण्याच्या कंपनीचा पत्ता बदलला, तेव्हा खोळंबा नको म्हणून रेणुकादासांनी यादी काढून दार सगळ्यांनाच उघडं ठेवलं. नवा पत्ता नंतर लिहू म्हणाले, पण हात धजेना. एखादा आकडा चुकला आणि पुणं बाहेरच राहिलं तर? पुण्याला उत्तर मिळालं नाही, की सर्व्हर मेला असं ते धरणार आणि परीक्षा जुन्या मशीनवर हलवणार. त्या मशीनवर पेपर होता मागच्या परीक्षेचा. मग क्लासचे सर रेणुकादासांनाच हलवणार, तेही कायमचे.

आणि वैद्यकीय प्रवेशाच्या मोठ्या सराव परीक्षेच्या दिवशी सकाळीच त्यांना पडद्यावर एक अनोळखी पत्ता दिसला. कुणीतरी राखणदाराला विचारत होतं. पुनःपुन्हा विचारत होतं. आणि आपला भाबडा राखणदार प्रत्येक वेळी उत्तर देत होता!

पेपर त्याच मशीनमध्ये होता. आज नुसता विचारतोय, उद्या फट शोधील. आजच शोधली असली तर? त्यांचे पाय सवयीनं दाराकडे वळले. पण या भूकंपात मैदानात पळून भागणार नव्हतं.

तेवढ्यात सर डोकावले. "पेपर सुरक्षित आहे ना?"

"एकदम!" रेणुकादास म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की सरांनी एसी कमी करायला सांगितलं.

सर गेले. रेणुकादासांनी मेलमधला पुण्याचा पत्ता समोर धरला. एक आकडा लिहायचा, बोट ठेवून मोठ्यानं वाचायचा, पुढचा लिहायचा. पोथी वाचतानासुद्धा त्यांचं असं ध्यान लागलं नव्हतं. यादीत तो एकच पत्ता ठेवला. राखणदाराला बंद करून पुन्हा सुरू केलं. कडी लागली.

शांतता पसरली. तीच ती, मातीचा वास असलेली. पुणं विचारीना. रेणुकादासांच्या कपाळावरून घाम निघाला तो थेट कीबोर्डावर. अनोळखी हाक आली, राखणदारानं हाकलली. पुन्हा आली, पुन्हा हाकलली. आणि मग पुण्याचा प्रश्न आला. आतून उत्तर गेलं. हाय!

रेणुकादास खुर्चीत मागे टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. नांदेड शाखेचा मन्मथ होता, त्यांच्यासारखाच तिकडची मशीनं सांभाळणारा.

"ओ साहेब, हाव का तुम्ही? तुमचं मशीन मुकं झालं की! भूकंप झाला का काय?"

"मन्मथ, तू विचारत होतास?"

"मग काय करू? पुण्यावाले मला काई सांगत न्हाईत. इथं पोरं तुमच्या मशीनवरच्या पेपरसाठी ताटकळून बसले. तुमचं मशीन पडलं, तर मार मला. म्हणून माझ्या मशीनवरून मीच विचारून राहिलो."

"अरे, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही भिले असते."

रेणुकादासांनी त्याला अस्सल लातुरी शिव्या दिल्या, आणि यादीत पुण्याखाली नांदेडचा पत्ता लिहिला. किनवटच्या वसतिगृहापासून मुखेडपर्यंत सगळ्या पोरांचा पेपर सुरळीत पार पडला.

संध्याकाळी ते घरी आले ते सुतार आणि नवं कुलूप घेऊन. आतून कडी नाही, खटका. बाहेरून चावीनं उघडणारा. राजश्रीबाई बघतच राहिल्या. एक चावी रेणुकादासांनी खिशात टाकली आणि दुसरी समोर संगप्पांना देऊन आले. "हाक मारा. आतून ओ आली नाही, तरच उघडा."

जेवायला बसले. पहिल्यांदाच दार बंद होतं. घास काही उतरेना. नजर सारखी त्या खटक्यावर.

कट् असा आवाज झाला आणि दार उघडलं. संगप्पा आत आले होते.

"काय झालं?" रेणुकादास ताटावरून उठलेच.

"काई न्हाई," संगप्पा म्हणाले. "चावी चालते का बघून राहिलो. जेवा तुम्ही."

रेणुकादास खाली बसले आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.