काळी मेहंदी : नाही

सर्टिफिकेट हातात येऊन तीन महिने झाले, तरी मला एकही डोकं पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला मिळालं नव्हतं. स्वारगेटजवळ कपड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं पार्लर होतं. मी भुवया कोरायची, केस धुऊन द्यायची, फरशीवरचे केस झाडायची. एकदा कुरकुर केली तर मॅडम म्हणाल्या, "कोर्समध्ये प्लॅस्टिकच्या डोक्यावर शिकलात ना? ते डोकं ओरडत नाही. थांबा जरा."

त्या काळात रिबाँडिंगची साथच आली होती. लग्न ठरलेली प्रत्येक मुलगी सरळसोट केस मागायची. एक क्रीम लावून केस नरम करायचे, धुवायचे, गरम इस्त्रीने बट बट सरळ करायची आणि मग दुसऱ्या औषधाने ते तसेच पक्के करायचे. पाच-सहा तासांचं काम. त्याला मॅडमचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने काळी मेहंदी लावलेली असेल तर थेट क्रीम लावायचं नाही. त्या पुड्यांत काय काय घातलेलं असतं कुणाला ठाऊक. त्यावर आमचं औषध पडलं की केस तुटतो. मानेजवळची एक बारीक बट कापून, तिला औषध लावून, ताणून बघायची, मॅडमना दाखवायची. आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला परत पाठवायचं. यासाठी एक कार्ड होतं. नाव, पत्ता, आधी कुठला रंग, काळी मेहंदी हो की नाही, आणि खाली गिऱ्हाइकाची सही.

ती मुलगी लोणी काळभोरची होती. बावीस वर्षांची. सोबत होणारी सासू. पुण्यातलीच, दुकानदाराची बायको, आमचं जुनं गिऱ्हाईक. सुनेचे केस सासूच्या खर्चाने सरळ व्हायचे होते. मॅडमच्या खुर्चीवर दुसरी नवरी होती, म्हणून त्या मला म्हणाल्या, "तुम्ही घ्या हे." तीन महिने याच तीन शब्दांची मी वाट बघत होते.

मी कार्ड काढून विचारायला लागले, तर सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "अहो, पार्लरात आलोय की चौकीत? मुलीचे केस चांगलेच आहेत. आम्ही बघूनच केलीय."

मुलगी हसली नाही. केस धुवायला आत नेलं तेव्हा बेसिनवर मान टेकवून, डोळे मिटून ती हळूच म्हणाली, "ताई, मी काळी मेहंदी लावते. कॉलेजपासून. लवकर पिकलेत. त्यांना ठाऊक न्हाई. तेवढं कार्डावर लिहू नका."

मी म्हटलं, "बरं."

त्या "बरं"ला मी पुढे बरीच वर्षं दया म्हणत आले. तिची अडचण समजून घेतली, असं. पण तसं असतं तर मी बाहेर जाऊन मॅडमच्या कानात सांगितलं असतं. मॅडमनी काहीतरी कारण काढून तिला परत पाठवलं असतं, सासूला कळलंही नसतं. मी सांगितलं नाही, कारण मग ते डोकं माझ्या हातून गेलं असतं. बट कापून बघितली नाही, कारण ती मॅडमना दाखवावी लागली असती. कार्डावर मी लिहिलं, काळी मेहंदी : नाही. तिने सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली.

क्रीम लावून वीस मिनिटं झाल्यावर एक केस ताणून पाहिला. तो रबरासारखा लांबला आणि परत आलाच नाही. तिथेच थांबायला हवं होतं. मी भराभर धुतलं आणि इस्त्री घेतली. डाव्या कानावरची बट इस्त्रीत धरून खाली ओढली, तर बट इस्त्रीतच राहिली. वास अजून आठवतो. मी ती मुठीत लपवली आणि दुसरी घेतली. तीही आली. तोपर्यंत आरशात मुलीला दिसलं होतं. ती ओरडली नाही, नुसता हात कानाकडे नेला, आणि हातात आणखी केस आले.

सासूबाई उठून आल्या. मॅडमही आल्या. कपाळापासून कानापर्यंत दोन बोटं लांबीचे खुंट उरले होते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काय लावलं होतं यांनी आधी?"

मी एका श्वासात म्हणाले, "काळी मेहंदी असणार, मॅडम. मी विचारलं होतं. यांनी लपवलं."

मुलगी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मी सांगितलं हुतं की तुम्हाला."

मॅडमनी कार्ड आणलं. "ही सही तुमचीच ना?"

"सही माझीच हाय, पण..."

"काळी मेहंदी?" सासूबाईंचा आवाज चढलाही नाही. "या वयात? कशाला गं?" त्यांनी खुंट बोटांनी बाजूला करून मुळं पाहिली. जिथे औषधाने रंग उतरला होता तिथे मुळाशी पांढरं दिसत होतं. "अस्सं. आणि अजून काय काय झाकून ठेवलंय, तेही आजच सांगून टाक. आम्ही मोकळे होऊ."

मुलगी पुन्हा एकदा म्हणाली, "मी यांना सांगितलं हुतं." यावेळी ती कुणालाच म्हणत नव्हती. मी टॉवेलच्या घड्या घालत होते.

आठवड्याने तिची आई आली. एकटी, दोन बस बदलून. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या देणार. ती खुर्चीवरही बसली नाही.

"ताई, मला भांडान करायचं न्हाई. लगीन मोडलं त्यांनी, ते जाऊ द्या. पण त्या म्हंत्यात, पोरगी खोटारडी हाय. पोरगी म्हणती, म्या त्या बाईला सांगितलं हुतं. एवढंच इचारायला आले. माझी पोरगी खोटं बोलती का?"

कुणी ऐकत नव्हतं. मॅडम नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं. खरं सांगितलं असतं तरी ती बाई माझं काही वाकडं करणार नव्हती. ती नुसती उत्तर घेऊन घरी गेली असती. मी कार्डांच्या डब्याकडे बघत म्हटलं, "मला काही सांगितलं नव्हतं हो."

"बरं," ती म्हणाली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरून गेली.

पहिलं खोटं घाबरून बोलले, असं म्हणता येईल. या दुसऱ्याला माझ्याकडे काही नाव नाही.

त्याच वर्षी सासूबाई दुसरी सून घेऊन आल्या. मॅडमना म्हणाल्या, "त्या मुलीलाच द्या. तिच्यामुळे वाचलो आम्ही." मी त्या सुनेचे केस केले. चांगले झाले. मॅडमनी त्या दिवसापासून मला कात्री दिली.

आता कात्रजला माझं स्वतःचं पार्लर आहे, माझ्या हाताखाली मुली शिकतात. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. गेल्या वर्षी माझीच मुलगी एका गोष्टीत खरं बोलत होती आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. दोन दिवसांनी मला कळलं. तिने भांडणही केलं नाही, ताट उचलून आत गेली. तिची ती पाठ बघितल्यावर मला राहवेना. पुढच्या रविवारी मी लोणीला गेले. कार्डावरचा पत्ता मला तोंडपाठ होता.

त्या मुलीची आई ओसरीत लसूण सोलत होती. म्हातारी झाली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने लसणाचं सुपडं बाजूला सारलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "त्या दिशी घरी येऊन म्या तिला लई मारली. मेहंदीचं झाकून ठेव, असं म्याच शिकवलं हुतं. आन मारलं खोटं बोलली म्हणून. तवापासून ती माझ्याशी कामापुरती बोलती. नाशिककडं दिलीय. दिवाळीला येती, दोन रात्री ऱ्हाती, जाती."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "माझ्याकडं नगं." कनवटीचा मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडे बाईचा आवाज आला. "बोल आई." मी माझी ओळख दिली आणि म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं होतं. बेसिनवर. मी खोटं बोलले."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "ते मला ठाऊकच हाय की. आईला सांगितलंत का?"

"आत्ताच सांगितलं."

"ती हाय तिथं?"

"आहे."

"मग फोन तिच्याकडं द्या. तुमचं झालं असंल तर निघा तुम्ही."

मी फोन दिला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.