कांडीखात्यातली काळाची खुर्ची

कांडीखात्यात संध्याकाळी झाडू मारला की कोपऱ्यात तुटक्या सुताचा ढीग जमायचा. कुणा एकीनं टाकलेला नसायचा, सगळ्यांच्या हातून चार-चार धागे पडलेले. आमचे किस्सेही तसेच साठले. आज ढिगात हात घालून एक धागा ओढावा, तर पाच चिकटून वर येतात!

भिवंडीत शेलारच्या रस्त्याला हाजीसाबांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता. तिथं आम्ही तिघी: मी, मेहरून आणि दिघाशी गावाकडची बारकी. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी दिवसभर भरायची, हे आमचं काम. पलीकडे लूमवर रहमतचाचा, आजमगढकडचे. शाळेचं तोंड ना मी पाहिलेलं, ना त्यांनी.

माझा नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सुमन सातवीत होती. परीक्षा झाली की तिचं नाव काढून तिला माझ्या शेजारी कांडीवर बसवायची, असं मी मनात धरलं होतं.

चाचांना नाद एकच. शुक्रवारी सुट्टी, की तिकीट काढून व्हिडिओच्या खोलीत पिक्चर. त्यातही ते इंग्रजी, ज्यात माणूस मागच्या काळात जातो नाहीतर पुढच्या. इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही, पण लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला की नवा चढेपर्यंत आमच्याकडे येऊन अख्खी स्टोरी सांगायचे!

*

चाचा जेवायचे बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत. त्यांचा नंबर दुसऱ्या पंगतीला. त्यामुळे व्हिडिओवर पोचेपर्यंत इंटरवल झालेला असायचा. मग आधी उरलेला अर्धा पाहायचा, आणि पुढच्या शोला पहिला अर्धा.

सांगायचेही त्याच क्रमानं. हिरो आधी म्हातारा, मग तरुण. आम्हाला वाटायचं, काळातून फिरणं म्हणतात ते हेच.

एकदा बिस्सीत जेवण लवकर झालं आणि चाचांनी पिक्चर पहिल्यापासून पाहिला. सरळ सांगितला. मेहरूननं कांडी थांबवली.

"चाचा, आज कायतरी चुकलं तुमचं. शेवट शेवटाला कसा आला?"

*

एका पिक्चरमध्ये लोखंडी खुर्ची होती. माणूस तीत बसला, बटण दाबलं, की राजाच्या काळात!

बारकीनं लगेच विचारलं, "आन् तिकडं लाइट गेली तं?"

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला आधी हेच सुचणार. चाचा म्हणाले, "फिर वहीं शादी कर लेगा!"

आणि खरंच, त्या शुक्रवारी चाचा पहिल्यापासून बसले होते, तर इंटरवललाच व्हिडिओवरची लाइट गेली होती. शो बंद. खुर्चीवाला राजाच्या काळातच अडकला. बारकीच्या जिवाला घोर. रोज आली की पहिलं विचारायची, "आला का त्यो घरी?"

चौथ्या दिवशी हाजीसाब तरातरा आत आले. "कांड्या कमी का पडतायत? कसल्या गप्पा चालल्यात?"

मी भीतभीत सगळं सांगितलं. हाजीसाब ऐकत उभे राहिले. मग लूमकडे तोंड करून ओरडले, "रहमत! जा, बघून ये त्याचं काय झालं ते. हजेरी लागंल तुझी!"

असा मालक मिळाला आम्हाला. अल्ला-देव दोघांनी त्याचं भलं करावं.

*

दुसऱ्या एका पिक्चरमध्ये एक जण मागच्या काळात जाऊन आपल्याच आईबापाचं लग्न मोडतो. लग्नच नाही, म्हणून हा जन्माला येत नाही.

मेहरून म्हणाली, "जन्मालाच आला न्हाय, तर मोडायला गेला कोण?"

चाचा बिडी न पेटवताच तोंडात धरून बसले. मेहरूनच्या डोक्यातून ते जाईना. त्या दिवशीच्या तिच्या सगळ्या कांड्या ढिल्या! लूमवर देखरेख करणारा मास्तर एक कांडी नाचवत आला.

"ही कुणी भरली?"

मेहरून म्हणाली, "जो जन्मालाच आला न्हाय त्यानं!"

*

एकदा चाचांनीच विचारलं, "खुर्ची मिले तो कौन कहाँ जाएगा?"

मेहरून म्हणाली, "माझ्या लग्नात. नवऱ्यासाठी न्हाय हो, बिर्याणीसाठी! नवरी म्हणून मान खाली घालून बसवलं. सगळा गाव जेवला, मलाच न्हाय मिळाली!"

बारकी म्हणाली, "आमच्या डोंगरावर झाडी व्हती तवा. पन येताना खुर्चीवर मोळी ठेवता येल का?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला कुठं न्हाय जायचं," मी म्हटलं. "सोमवारी शाळा उघडतेय, पण सुमनला आता कांडीवर आणते. दोन हात जास्त होतील."

चाचा उठून लूमवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीम भरलेला असतानाही लूम थांबवून ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मैं हो आया."

"कुठं?"

"तीन साल आगे. तेरी सुमन दसवीं पास हो गई. तू पूरे कारखाने में पेढ़े बाँट रही थी."

मला हसू आलं. "कसे होते पेढे?"

"मालूम नहीं. सबको मिले, मुझे नहीं मिला. डिब्बा खाली हो गया."

"असं कसं होईल, चाचा? पहिला पेढा तुमचा!"

"देखके आया हूँ, बाई. अब तू उसको यहाँ बिठाएगी, तो मैं झूठा पड़ूँगा. मेरी इज्जत का सवाल है!"

खुर्ची-बिर्ची काही नव्हती, हे मला काय कळत नव्हतं? पण सोमवारी सुमन शाळेतच गेली. मेहरून आणि बारकी माझ्या वाटणीच्या कांड्यांना हात लावू लागल्या, न बोलता. त्या तीन वर्षांत मी एकटी कधी नव्हतेच.

सुमन दहावी पास झाली. चाचा तोवर नजर अधू झाली म्हणून आदल्या ईदला गावी निघून गेले होते, कायमचे. मी पेढ्यांचा डबा घेऊन कारखाना फिरले. मास्तरला दिला, लूमवाल्यांना दिला. हाजीसाबांनी दोन घेतले. परत आले तर मेहरून डब्यात वाकून बघत होती.

"ठमा," ती हळूच म्हणाली, "चाचा काय म्हणाले होते गं?"

डबा रिकामा होता.

मी तशीच मिठाईवाल्याकडे पळाले. चाचांच्या गावचा एक लूमवाला त्याच आठवड्यात घरी निघाला होता. त्याच्या हातात पुडा दिला आणि दम भरला, "वाटेत खाशील तर बघ!"

दोन महिन्यांनी तो परतला. पिशवीसकट कांडीखात्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"चाचाने पेढ़ा खाया," तो म्हणाला. "उँगली तक चाटी. फिर बोले, ठमाबाई को बोलना, मैंने गलत देखा था."